मामा वाट चुकतो

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

आईचा फोन आला. "चंद्राला ओवाळ गं, रीत आहे." ताट केलं, निरांजन लावलं, अंगणात गेले आणि तशीच परत आले. दादाला जाऊन चौथा महिना. त्याचं नाव तोंडातून निघत नाही. लेकीसमोर तर नाहीच. ती सहा वर्षांची. तिच्या लेखी मामा पावसाळ्यात गावाला गेलाय आणि अजून यायचाय. मी खोटं बोललेले नाही, पण खरंही सांगितलेलं नाही.

१४ नोव्हेंबर

डहाणूतल्या या पाड्यावर भाताची कापणी उरकली. शाळेच्या मागे भारे रचलेत, वर्गातही पेंढ्याचा वास येतो.

आज तिसरीला पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवायला घेतली. एरवी चकार शब्द न काढणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, दिवसा गोष्ट नाही सांगायची. मामा वाट चुकतो." सगळ्या वर्गानं मान डोलावली. माझी आजीही हेच म्हणायची. तेव्हा वाटायचं, कामं पडलीत म्हणून टाळतेय.

पुस्तक मिटलं. उरलेला तास गणित घेतलं.

१९ नोव्हेंबर

उद्या मतदान, माझी केंद्रावर नेमणूक. साहित्य घ्यायला निघालो तेव्हा वाटेत गंजाड लागलं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचा कळंबीपाडा इथलाच. सात वर्षांचे असताना आई गेली आणि त्यांचं बोलणंच थांबलं. मातीत रेघा ओढून ते आपलं म्हणणं सांगत. वारली चित्रं तोवर बायकांची. लग्नाचा चौक सवाशिणींनी लिहायचा, त्यात पालघाट देवी बसवायची. म्हसे लग्नकार्य नसतानाही रोज चित्रं काढू लागले. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हशांची चित्रं लागली, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

या सगळ्या सालांपेक्षा मला ते मातीपुढं बसलेलं पोर दिसत राहिलं. कुणी त्याला 'बोल रे' म्हणून छळलं नसेल, अशी माझी आशा आहे. मला शहरातल्या एका समुपदेशकबाईंनी तीनदा सांगितलं, मनातलं बोला. त्यांचा हेतू चांगला होता. मला बोलता आलं नाही.

२४ नोव्हेंबर, रात्र उलटून गेल्यावर

एका विद्यार्थिनीच्या घरी नव्या भाताचं होतं. भगत घांगळी घेऊन बसले. बांबूच्या दांडीला दोन वाळके भोपळे आणि तारा, एवढंच ते वाद्य. कणसरीचं गाणं सुरू झालं. कणसरी म्हणजे धान्याची देवी. वारल्यांच्या बोलीतलं मला निम्मंच कळतं. धरतरी, गायतरी, कणसरी ही नावं पुन्हा पुन्हा यायची तेवढी धरून ठेवली. माती, गाय आणि दाणा, तिघी आयाच.

मग भगत चहाला थांबले आणि पोरांनी म्हाताऱ्या आजीला घेरलं. तिनं आधी विचारलं, "हुंकार कोण देणार?" पोरं पेंगलेली. तिचा डोळा माझ्यावर आला. "बाई, तुम्ही द्या. हुंकार नाही तर गोष्ट पुढं कशी जाईल?"

"एक होता गडी," तिनं सुरुवात केली.

"हं."

"त्यानं रानातून खांब आणले. चार खांब."

"हं."

चौथ्या-पाचव्या हुंकाराला मी वर पाहिलं. त्याच चार खांबांच्या घरात आम्ही बसलो होतो. आजी आपल्या नवऱ्याची गोष्ट सांगत होती. तो तारपा वाजवायचा, मासे धरायचा, एकदा बाजारात हरवला आणि तिसऱ्या दिवशी कोंबडा घेऊन परत आला. पोरं खुदखुदत होती. ती गोष्ट त्यांची पाठ होती. शेवटी गडी आजारी पडला आणि मेला. तेही तिनं त्याच आवाजात सांगितलं. मी हुंकार दिला. घसा भरून आलेला होता, तरी 'हं' निघाला. शब्द नसले तरी चालत होतं.

आजीनं विडी पेटवली. भगतांनी घांगळी पुन्हा मांडीवर घेतली.

२५ नोव्हेंबर

आज आजी ओट्यावर भेटली. म्हटलं, आजी, तुम्हाला रडू नाही येत सांगताना? म्हणाली, "आलं होतं. पहिल्यांदा सांगितली तेव्हा माझ्या सुनेनं हुंकार दिला. ती पण रडली." मग सूप उचलून भात पाखडायला लागली.

२६ नोव्हेंबर

वीज गेली. लेक कुशीत, उकाडा नाही, डास आहेत. "आई, गोष्ट."

"हुंकार देशील?"

"देईन."

"एक होता मामा."

"आपला?"

"नुसतं हं म्हणायचं."

"हं."

सायकल सांगितली. विहिरीत पडलेली चप्पल आणि ती काढायला उतरलेला मामा सांगितला. तिच्या बारशाला तो दोन तास उशिरा आला, वाट चुकला म्हणून, तेही सांगितलं. ती हसली आणि हसता हसता हुंकार द्यायला विसरली, तेव्हा मीच थांबून वाट पाहिली.

"हं. मग?"

"मग पावसाळ्यात मामा खूप आजारी पडला."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं, झोपली.

"हं," ती म्हणाली.