सोमवारची दांडी

‘बाबू बँड बाजा’ बघताना बापाचा राग यावा अशी कथेची सगळी सोय आहे. मला मात्र तो काही केल्या आला नाही. राजेश पिंजाणींच्या या चित्रपटातला जग्गू बँडवाला. पोरगं शाळेत जाऊन काय दिवे लावणार, त्यापेक्षा वाजवायला शिकलं तर दोन पैसे तरी आणेल, हा त्याचा रोकडा हिशेब. आई हटून बसलेली, पोरगं शिकलंच पाहिजे. मिताली जगताप-वराडकरांनी ही आई अशी उभी केली की २०१०चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना विभागून मिळाला. बाबू झालेल्या विवेक चाबुकस्वारलाही बालकलाकाराचा मिळाला. थिएटरात चित्रपट यायला मात्र २०१२ उजाडलं. आधी पुरस्कार, मग प्रेक्षक, ही आपल्याकडची रीतच.

मला त्यातलं पटलं ते वेगळंच. गरिबाच्या पोराची शाळा फीपाशी अडते असं आपण धरून चालतो. पण खरं घोडं पेंड खातं ते दप्तरापाशी, गणवेशापाशी, पुस्तकांपाशी. भाषणात ज्यांचं नावही येत नाही अशा वस्तू पोराला वर्गाबाहेर ठेवतात. ज्या वर्षासाठी हे पुरस्कार होते, त्याच वर्षी १ एप्रिलला शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला, हे आठवलं की जरा हसूच येतं.

खडकवासल्याला गेलो की हा विषय हटकून डोक्यात येतो, त्याला कारण जोतीराव फुले. १८७०च्या दशकात इथलं धरण बांधलं जात होतं, तेव्हा त्या कामाला सामान पुरवणाऱ्या कंत्राटदारांत तेही होते. धरण १८७९ला पुरं झालं. (१९६१च्या पानशेतच्या लोंढ्यात ते फुटलं आणि नंतर पुन्हा बांधलं, तेव्हा आज दिसणारा सगळाच दगड त्या काळचा नाही.) धरणानंतर तीनच वर्षांनी, १८८२ साली, जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगाला लिहून दिलं की पैसा येतो रयतेच्या घामातून आणि शिकतात वरचे वर्ग; निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. दगड-चुन्याच्या कामावर राबणारी माणसं जवळून पाहिलेल्याची ही मागणी आहे, असं मला नेहमी वाटत आलंय. पुढे शाहू महाराजांनी १९१७ला करवीर संस्थानात ती अमलात आणली. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! जग्गूनं तो कुठून भरला असता कोण जाणे.

पावसाळ्यातल्या रविवारी धरणाच्या चौपाटीवर गाड्यांची रांग लागते. गेल्या खेपेला एका हातगाडीवर बारा-तेरा वर्षांचं पोरगं कणसं भाजत होतं. एका हातात पुठ्ठा, दुसऱ्या हातानं कणीस फिरवणं. दाणा तडकला की ते बाजूला ओढायचं, लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून वरपासून खालपर्यंत चोळायची आणि कणसाच्याच पानात धरून द्यायचं. सगळं न बघता. पँट शाळेची, खाकी, गुडघ्याला राख.

“कितवीला रे?”

“सातवी.”

“मग उद्या शाळा?”

उत्तर आईनं दिलं. “उद्या न्हाई जात दादा. सोमवारी दांडीच असती त्याची. आज आवरायलाच धा वाजत्याल. ड्रेस एकच, पावसाचा वाळत न्हाई. तसाच घालून गेला तर पोरं म्हणत्यात, धुराचा वास येतोय.”

“सरकारकडून दोन मिळतात ना?”

“मिळत्यात की. आल्यावर.”

त्या ‘आल्यावर’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२४ला सबंध राज्यासाठी एकाच रंगाचा गणवेश ठरला, शिलाई बचत गटांकडे गेली आणि ऑगस्ट उलटला तरी कितीतरी शाळांत कपडे पोचले नव्हते. शेवटी वर्षअखेरीला सरकारनंच ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं. तोवर तो पावसाळा संपलाही होता. पोर शाळेत टिकवायचं तर धुवायला एक आणि अंगावर एक, एवढं लागतं, आणि तेही जूनमध्ये. मंत्रालयात हे कुणाला ठाऊक नसेल असं नाही. पण तिथं कुणाला ओली पँट घालून वर्गात बसावं लागत नाही.

पोराला आमची चर्चा आवडली नसावी. “मंगळवारी जातो की मी!” तो फणकारला. “मंगळवारी गणित असतं.”

“हां, लई आलाय गणितवाला,” आई म्हणाली, पण आवाजातलं कौतुक लपलं नाही. “आधी त्या पांढऱ्या गाडीला काय पायजे बघ. आन् सुटे घे, पाचशेची नोट घिऊ नको.”