संकेतस्थळाचा रंग

आमच्या बेळगावात रंग हा नुसता रंग नसतो. भगवा दिसला की मराठी, पिवळा-तांबडा दिसला की कन्नड, असा हिशेब बघणारा मांडून मोकळा होतो. म्हणून ‘पिंजरा’ आणि ‘बंगारद मनुष्य’ या १९७२ च्या दोन चित्रपटांच्या चाहत्यांसाठी एकच संकेतस्थळ करताना खरा पेच पडला तो रंगांचा. आमच्या आईने आणि शेजारच्या अक्कांनी ते सारख्याच आपलेपणाने उघडावे, एवढीच इच्छा. वाट दाखवली आकड्यांनी. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे, असा जागतिक संकेत आहे. पांढऱ्यावर शुद्ध पिवळे अक्षर जेमतेम १.०७ भरते; काळे मात्र २१! मग दोन्ही लिपींतली अक्षरे काळीच ठेवली. रंग उरले ते चित्रपटांतल्या दृश्यांचे. त्यांना कुणी भाषा विचारत नाही.