साठवणीची वीज

साठवण हा शब्द आमच्या जोयडा तालुक्यात अजून घरोघर जिवंत आहे. मृग लागण्यापूर्वी कणगीत भात, माळ्यावर चिंच, बरणीत आमसुले, पडवीत लाकडांची रास, एवढे जमले की घरची बाई निर्धास्त होते. पुढचे चार महिने पाऊस असा कोसळतो की वाडीतून वाडीत जाणेही जिकिरीचे होते. ज्याची साठवण नीट त्याचा पावसाळा नीट, इतके साधे गणित. साठवण म्हणजे नुसते भरून ठेवणे नव्हे. उन्हे दाखवणे, किडके निवडून काढणे, आधी काय काढायचे आणि मागे काय ठेवायचे याचे भान असणे, हे सारे तीत येते. आयुष्याची पासष्टी ओलांडल्यावर मी स्वतःच्या हाताने विजेची साठवण करायला बसलो, तेव्हा लहानपणी आईकडून पाहिलेली ही विद्या अनपेक्षितपणे उपयोगी पडली.

विजेची साठवण आमच्या भागाला तशी नवी नाही. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीच्या परिसरात उगम पावते. गणेशगुडीजवळ तिच्यावर १०१ मीटर उंचीचे सुपे धरण बांधले गेले. धरणाच्या पोटात सुमारे १४५ टीएमसी पाणी मावते. हे पाणी म्हणजे विजेची कणगीच. पाऊस चार महिन्यांचा, गरज बारा महिन्यांची. म्हणून नदी अडवून ठेवायची आणि लागेल तशी सोडायची. सुप्याच्या पायथ्याशी वीज करून खाली गेलेले पाणी पुढे नागझरी, कोडसळ्ळी आणि कद्रा अशा तीन ठिकाणी पुन्हा चक्रे फिरवते आणि मग समुद्राला मिळते. एकच पाणी चार वेळा राबते.

या साठवणीसाठी काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे सुपे गाव १९८० च्या दशकात पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव सुपे होते, ते जोयडा झाले. माणसे रामनगरला आणि आणखी कुठे कुठे जाऊन वसली. मी महसूल खात्यात नोकरीला लागलो तो याच सुमारास. नोकरीच्या काळात राज्यभर हिंडलो. जिथे बदली होई तिथे बटण दाबताच दिवा लागे. सुट्टीत घरी यावे तर धरणापासून हाकेच्या अंतरावरच्या रानातल्या कित्येक वाड्यांत मात्र रॉकेलची चिमणी. माझी थोरली बहीण लग्न होऊन अशाच एका वाडीत नांदायला गेली होती. तिच्या अंगणात विजेचा खांब आला तेव्हा तिच्या नातवंडांना मिसरूड फुटले होते.

अक्का आज चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि त्या घरात एकटी असते. मुले बेळगावला आणि गोव्याला. तिला रक्तदाबाच्या गोळ्या लागतात, त्या मी आठवड्यातून दोनदा चक्कर टाकून पोहोचवतो आणि त्या निमित्ताने तिची विचारपूस करतो. माझ्या घरापासून तिची वाडी बारा किलोमीटर. पैकी सात किलोमीटर डांबरी रस्ता, पुढे लाल मातीची वाट, मध्ये ओढ्यावर एक साकव. बस फाट्यापर्यंत येते, पण तिची वेळ तिच्या मर्जीची. सायकलचा सराव मला शाळेपासून आहे. अडचण होती ती चढाची. गुडघ्यांबद्दल डॉक्टर म्हणाले, "यांना चाल हवी, भार नको." हे वाक्य मला मार्गदर्शक ठरले. चाल माझी आणि भार यंत्राचा, असे वाहन हवे होते. आणि साकवावरून हाताने ढकलत नेता येईल इतके ते हलके हवे होते.

विजेची सायकल ही आजकालची कल्पना वाटते, पण अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थांना १८९५ च्या डिसेंबरात तिचे पेटंट मिळाले आहे. त्या आराखड्यात मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात आहे आणि बॅटरी सांगाड्याच्या त्रिकोणात टांगलेली आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर मी माझ्या सायकलवर नेमकी हीच रचना केली. एवढ्या काळात अडले होते कशावर, तर बॅटरीच्या वजनावर. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलरिक्षा हलकी करून तिला विजेची जोड देण्याचे काम १९९० नंतरच्या दशकात हाती घेतले. माणूस माणसाला ओढतो, त्याचे कष्ट निम्मे तरी व्हावेत, हा त्यामागचा विचार. तालुक्याच्या गावी बसून असे काम होऊ शकते, हे ते वाचले तेव्हापासून माझ्या मनात घर करून होते. पण तो जमाना शिशाच्या बॅटऱ्यांचा. माझ्या गरजेपुरती वीज शिशाच्या बॅटरीत साठवायची तर बारा किलोचे ओझे. लिथियमच्या सेलमध्ये तीच वीज साडेतीन किलोत बसते.

लिथियमच्याही जाती आहेत. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटल्याची चित्रफीत पुष्कळांनी पाहिली असेल. माझी भाची ती पाहून घाबरली आणि म्हणाली, "मामा, आगीशी खेळ नको." तिची भीती अनाठायी नव्हती. म्हणून मी लिथियम लोह फॉस्फेट या जातीचे सेल निवडले. ते आकारमानाने थोडे मोठे, पण स्वभावाने थंड. तापले तरी सहजासहजी भडकत नाहीत. १९९७ साली या पदार्थाची ओळख जगाला करून देणाऱ्या शोधनिबंधावर जॉन गुडइनफ यांच्या बरोबरीने पाधी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, लिथियम बॅटरीवरील कामासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. निवृत्तांनी हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मोटर, कंट्रोलर, ब्रेकचे खटके आणि मुठीतला वेगाचा कान असा संच मागवला. मागचे चाक नव्या आऱ्यांनी विणून घेण्याचे काम रामनगरच्या एका तरुण मेस्त्रीने केले. "साहेब, हे धावेल ना?" असे तो तीनदा विचारता झाला. मोटर २५० वॅटची. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नोंदणी आणि परवाना न लागणाऱ्या वाहनासाठी शक्तीची मर्यादा एवढीच आहे आणि वेगाची ताशी २५ किलोमीटर. उभा जन्म नियमांच्या सोबतीत गेल्यामुळे ही मर्यादा मला जाचक वाटली नाही. आणि रानाच्या वाटेवर त्याहून वेगाने जाण्याचे कारणही नाही.

खरे काम बॅटरीचे. एक सेल म्हणजे केळफुलाच्या आतल्या गाभ्याएवढी एक नळकांडी. तिचा दाब ३.२ व्होल्ट आणि साठवण सहा अँपिअर-तास. असे दोन सेल शेजारी शेजारी जोडले की एक जोडी होते. अशा बारा जोड्या एकीपुढे एक जोडायच्या. बारा त्रिक छत्तीस आणि वर थोडे, म्हणजे ३८.४ व्होल्ट, साठवण बारा अँपिअर-तास. दोहोंचा गुणाकार सुमारे ४६० वॅट-तास, म्हणजे घरच्या मीटरवरच्या अर्ध्या युनिटाहूनही किंचित कमी.

चोवीस सेल लागणार होते, मी अठ्ठावीस मागवले. प्रत्येकावर क्रमांक घातला, प्रत्येक पूर्ण भरला, पूर्ण उतरवला आणि किती वीज बाहेर आली ते जाड पुठ्ठ्याच्या वहीत मांडले. या कामाला तीन आठवडे लागले. बहुतेक सेल सहाच्या आसपास भरले. दोन मात्र सव्वापाचावर अडकले. विकणाऱ्याने ते नवे म्हणूनच दिले होते आणि दिसायलाही ते इतरांसारखेच चकचकीत होते. किडका दाणा निवडावा तसे ते बाजूला काढले. मग थोडा सरस आणि थोडा उणा अशा जोड्या लावल्या, जेणेकरून बाराही जोड्यांची बेरीज सारखी व्हावी. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने डकवल्या, प्रत्येक टोकावर जाड इन्सुलेटिंग कागद घातला, मुख्य तारेत फ्यूज बसवला. हे करताना हातातले घड्याळ आणि अंगठी काढून ठेवली होती. सेलची दोन टोके धातूने जोडली गेली तर काय होते, ते पाहण्याची इच्छा कोणालाही होऊ नये.

एकीपुढे एक जोडलेल्या बारा जोड्यांचे वागणे समजून घेण्यासाठी उळवीची जत्रा आठवावी. माघात चन्नबसवेश्वराच्या जत्रेला धारवाड, बेळगावकडून बैलगाड्यांचे तांडे आमच्या घाटवाटांनी येतात. तांडा एकामागून एक चालतो. त्याची मजल सर्वांत दमदार बैलजोडी ठरवत नाही. सर्वांत थकलेली जोडी ठरवते. बॅटरीतही तसेच. बाराही जोड्यांतून प्रवाह एकच वाहतो. एखादी जोडी दुबळी असली तर ती आधी रिकामी होते. इतरांत दम असतो म्हणून प्रवाह ओढतच राहावा, तर ती दुबळी जोडी कायमची निकामी होते. भरताना याच्या उलट. जी आधी भरते तिच्यात आणखी कोंबले जाते आणि तिचे आयुष्य घटते.

हे होऊ नये म्हणून एक छोटी पाटी बसवतात. तिला बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. तिच्यापासून तेरा बारीक तारा निघतात आणि प्रत्येक जोडीची नाडी वेगळी पाहतात. कोणतीही एक जोडी खालच्या मर्यादेला पोहोचली की ही पाटी सगळा प्रवाह तोडते. उरलेल्या अकरा जोड्यांत वीज आहे ही सबब ती ऐकत नाही. आणि भरताना, जी जोडी पुढे गेली तिची थोडी वीज उष्णतेच्या रूपाने जिरवून मागच्यांना वर येऊ देते.

या पाटीपुढे मी बराच वेळ विचार करत बसलो, हे सांगायला हवे. कचेरीत आम्ही सरासरीवर जगत होतो. जिल्ह्याची सरासरी, तालुक्याची सरासरी, दरडोई अमुक, दर हजारी तमुक. मल्टिमीटरची टोके बॅटरीच्या दोन्ही अंगांना लावली की ३८ व्होल्ट दिसतात आणि मन प्रसन्न होते. पण त्या ३८ मध्ये एखादी जोडी ३.२ ऐवजी २.७ वर येऊन धापा टाकत असेल, तर बेरजेत ते कळत नाही. इतर जोड्या थोड्याशा वर असल्या की तूट झाकली जाते. काळी खोऱ्यातल्या विजेच्या आकड्यांकडे राज्याने असेच बाहेरच्या दोन टोकांवरून पाहिले. बेरीज भव्य होती, खरीही होती. अक्काच्या वाडीपर्यंत मात्र तेरावी तार गेलेली नव्हती. धरण नको होते असे मी म्हणत नाही. त्या विजेवर माझीही मुले अभ्यास करून मोठी झाली. पण साठवण करणाऱ्याचे पहिले काम बेरीज पाहणे नव्हे, एकेक घर पाहणे हे आहे, एवढे मला ही चोवीस नळकांडी जोडताना पटले. माझ्या आईला हे कणगीपाशीच ठाऊक होते.

आता थोडा जमाखर्च. माझे वजन आणि सायकलचे वजन मिळून सुमारे ९५ किलो. एवढा भार १०० मीटर उंच चढवायला शुद्ध हिशेबाने २६ वॅट-तास लागतात. मोटरमधली तूट धरून पस्तीस म्हणू. अक्काकडे जाऊन-येऊन चोवीस किलोमीटरच्या चढउतारांना, मी पायडल मारत राहिलो तर, बॅटरी निम्मी-पाऊण रिकामी होते. घरी आल्यावर ती भरायला जी वीज लागते तिचा दाम एका चहाहून कमी. तोच हिशेब पाण्यात मांडला तर मौज वाटते. वाटेतली सगळी तूट सोडून दिली, तर बॅटरीभर विजेसाठी १०० मीटरवरून सुमारे १७०० लिटर पाणी खाली यावे लागते. दोनशे लिटरची साडेआठ पिंपे. एका म्हाताऱ्याला बहिणीच्या भेटीला नेऊन आणण्यासाठी नदीला एवढे उतरावे लागते. वीज जपून वापरा असे फलक मी नोकरीत पुष्कळ लावले. साडेआठ पिंपांचे चित्र कोणी तेव्हा दाखवले असते तर फलकांची गरज पडली नसती.

पावसाळ्यासाठी बॅटरीची पेटी रबरी पट्टीने बंदिस्त केली आहे आणि तारा खालच्या बाजूने आत नेल्या आहेत, म्हणजे थेंब ओघळून बाहेरच पडतो. आषाढात ओढा साकवाला लागतो तेव्हा सायकल अलीकडच्या घरी ठेवून पुढे छत्री घेऊन चालतो. व्याघ्र प्रकल्पाचे रान असल्याने सूर्यास्तापूर्वी घरी परततो. अक्काने पहिल्या दिवशी सायकलला प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "हिचा आवाज कसा नाही रे? तू आलास ते मला कळणार कसे?" तेव्हापासून वळणावर मी घंटी वाजवतो.

या जातीचे सेल चांगले वागवले तर दोन हजार वेळा भरता येतात असे सांगतात. आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या तर एकोणीस वर्षे होतात. सेल न वापरताही हळूहळू म्हातारे होतात, त्यामुळे तितकी मजल ते मारणार नाहीत. मीही बहुधा नाही. म्हणून त्या जाड वहीत शेवटी दोन पाने कोरी ठेवून मी कार्यभार हस्तांतराची यादी लिहिली आहे, जशी बदलीच्या वेळी लिहीत असे. सेल क्रमांक एक ते चोवीस, प्रत्येकाची मूळ साठवण, कोणती जोडी कुठे, दर महिन्याचा प्रत्येक जोडीचा दाब, फ्यूजचा आकार, जादा दोन सेल कपाटात कोणत्या खणात. सातवी जोडी इतरांपेक्षा जरा आधी उतरते, तिच्यापुढे तांबड्या शाईने खूण केली आहे. भाचीची मुलगी हुबळीला तंत्रनिकेतनात शिकते. गेल्या सुट्टीत तिने वही पूर्ण वाचली, मल्टिमीटर घेऊन सातवी जोडी स्वतः तपासली आणि पेन्सिलीने कडेला तारीख घातली. घेणाऱ्याच्या सहीची जागा अजून रिकामी आहे.