नारिंगी दगडांचे रस्ते

रस्त्याचा दर्जा मैलाच्या दगडावरून ओळखता येतो. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग आणि नारिंगी असेल तर खेड्याला खेडे जोडणारा ग्रामीण रस्ता. हे कोष्टक कोणी शाळेत पाठ करून घेत नाही. सायकल चालवणाऱ्याला ते पायांतून कळत जाते. नांदेडहून लोह्याकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग पिवळ्या माथ्याचा. अहमदपूर, लातूर करीत तो पुढे तुळजापूरला पोहोचतो. रुंद, गुळगुळीत आणि सायकलस्वाराला नकोसा. मागून येणाऱ्या मालमोटारीचा वारा अंगावर आला, की हँडल आपोआप कडेच्या मुरमाकडे वळते. लोहा येईपर्यंत मी तो कसाबसा सोसतो आणि मग डावीकडे, कंधारच्या दिशेने वळतो.

इथून बालाघाट सुरू होतो. त्याला डोंगर म्हणावे तर तो उंच नाही आणि माळ म्हणावे तर सपाट नाही. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर आहे, उदगीर ६०० मीटरहून अधिक उंचीवर. मोटारीतून जाणाऱ्याला एवढा फरक जाणवतही नाही. सायकलवर मात्र तो एकदम अंगावर येत नाही, हप्त्याहप्त्याने वसूल होतो. चढ संपला म्हणेपर्यंत उतार, उताराच्या तळाशी ओढ्यावरचा फरशी पूल आणि पूल ओलांडताच पुन्हा चढ. माथ्यावर मुरमाड माळ, सीताफळीची झुडपे आणि फाल्गुनात पेटल्यासारखे दिसणारे पळस. खोलगटात काळी जमीन, तिच्यात तूर, हरभरा, कापूस. कंधार ही राष्ट्रकूटांची नगरी. तिथला भुईकोट किल्ला, त्याचा खंदक आणि जवळून वाहणारी मन्याड पाहून पुढे जांब, जळकोटमार्गे उदगीरला जाता येते. मला किल्ल्यापेक्षा या वाटेवर भेटणारी जनावरे अधिक पाहावीशी वाटतात. कंधार भागात लाल कंधारी गाई, वीट भाजावी तशा गडद रंगाच्या. उदगीर जवळ येऊ लागले, की त्यांच्यात पांढऱ्या अंगावर काळे ठिपके मिरवणारी देवणी दिसू लागते. तालुक्याची हद्द सरकारी पाटीच्या आधी गोठा सांगतो, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो. ते हसतात, पण नंतर पाहूनही येतात.

माझ्या या हिंडण्याला घरातून विरोध होता, तो वडिलांचा. त्यांची बावीस इंची काळी सायकल लग्नात मिळालेली. घड्याळ, अंगठी आणि सायकल हा त्या काळी आमच्याकडचा मानाचा आहेर. पण घरी आल्यावर ती मानाची राहिली नाही. बैलानंतरची राबणारी झाली. तिच्या कॅरिअरवरून खताचे पोते आले, आजारी आजी लोह्याच्या दवाखान्यात गेली, दहावीच्या परीक्षेला मी गेलो. धाकट्या भावाने मोटारसायकल घेतली त्या दिवशी वडिलांनी ती गोठ्याच्या भिंतीला टेकवली आणि पुन्हा कधी तिच्यावर बसले नाहीत. त्यामुळे पगारदार मुलाने पैसे मोजून सायकल आणावी आणि सुटीच्या दिवशी कामाशिवाय डोंगर चढावा, हे त्यांच्या हिशेबात कुठेच बसेना. ‘‘ज्या गाडीनं माझे गुडघे खाल्ले, तिच्यावर तू हवा खायला जातूस?’’ असे त्यांनी एकदा विचारले. गावातही ‘‘गुर्जी, मोटारसायकल इकली का काय?’’ ही चौकशी कितीतरी दिवस चालू होती. आपल्याकडे सायकल ही गरजेची वस्तू आहे. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवरून आजही मुली वाडीवस्तीवरून शाळा गाठतात. सायकल नसती तर त्यांतील कित्येकींची शाळा सातवीलाच संपली असती. जिथे चाक अशा कामी लागते तिथे ते केवळ आनंदासाठी फिरवणे ही चैन वाटते आणि ती तशी आहेही.

वडिलांचा विरोध मावळला नाही. फक्त एका संध्याकाळी त्याला थोडी फट पडली. मी अंगणात सायकल उलटी ठेवून साखळीला तेल देत होतो. ते शेजारी येऊन बसले, हाताने पायडल फिरवू लागले. मी गिअरची कळ दाबली तशी साखळी लहान चक्रावरून मोठ्या चक्रावर चढली. त्यांनी पुन्हा दाबायला लावली, पुन्हा. ‘‘चढाला हे लावायचं?’’ मी होय म्हणालो. ‘‘हे तवा असतं तर,’’ एवढेच बोलून ते उठले.

तेव्हा ते जगात होते. आपल्या गोठ्यापर्यंत पोहोचले नव्हते. फ्रान्समध्ये ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या पॉल द व्हिव्ही यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच बदलत्या गिअरचा पुरस्कार केला होता. शर्यतवाल्यांना तो दुबळ्यांचा आधार वाटे. ‘टूर द फ्रान्स’मध्ये अशा गिअरला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. व्हेलोसिओंना शर्यतीपेक्षा लांबच्या भटकंतीची ओढ होती. त्याच देशात १८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी दौड सुरू झाली. आज ती चार वर्षांतून एकदा होते. सुमारे १२०० किलोमीटर, कमाल मुदत ९० तास. पहिला कोण आला याला तिथे महत्त्व नसते. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घेत वेळेत परतायचे असते. त्यासाठी आधी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या दौडी पुऱ्या कराव्या लागतात. महाराष्ट्रातील सायकलस्वारही त्या करतात आणि काही जण ब्रेस्टपर्यंत जाऊनही आले आहेत. तो मार्ग बराचसा उंचसखल शेतीच्या प्रदेशातील लहान रस्त्यांवरून जातो. वाटेवरच्या गावांतील लोक दारात टेबल मांडून रात्री-अपरात्री कॉफी देतात. गंमत म्हणजे तिथे पिवळ्या माथ्याचा मैलाचा दगड जिल्ह्याच्या रस्त्याचा आणि लाल माथ्याचा राष्ट्रीय मार्गाचा. म्हणजे तिकडचा सायकलस्वार पिवळा दगड शोधतो आणि आपण पिवळ्यापासून पळतो.

मात्र असे निवांत रस्ते वाचनात येऊ लागले तसा मला प्रश्न पडू लागला, की रस्ता निवांत होतो कशाने? मध्य फ्रान्समधील क्रूझ हा भाग सायकलस्वारांना अतिशय प्रिय आहे. लहानमोठ्या टेकड्या, कुरणे, गाई आणि तासाभरात एखादी मोटार. या भागातील पुरुष एकोणिसाव्या शतकात गवंडीकामासाठी पॅरिसला जात. वसंतात निघायचे, थंडीच्या तोंडाशी परतायचे. मार्तां नादो हा असाच एक गवंडी. १८३० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो वडिलांबरोबर पायी पॅरिसला गेला. पुढे लोकप्रतिनिधी झाला आणि आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. हंगामी जाणारे हळूहळू कायमचे जाऊ लागले. १८५१ मध्ये अडीच लाखांहून अधिक असलेली तिथली लोकसंख्या आज निम्म्याहूनही कमी आहे. रस्ते मोकळे आहेत, कारण त्यांवरून चालणारी माणसे निघून गेली.

हे वाचले तेव्हा मला आमचा हजेरीपट आठवला. आमच्या डोंगराळ भागातही जाणे आहे, फक्त ऋतू उलटा. दसरा झाला, की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ मागे राहतात, बाकीची ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांबरोबर बसतात. दिवाळीच्या सुटीनंतर वर्गातले आवाज कमी झालेले असतात. आणि नेमके तेच दिवस सायकलीला सर्वांत उत्तम! हवा गार, तूर फुलावर, रस्ता मोकळा. जांबकडच्या चढावर तासभर कोणी भेटत नाही, चाकाचा आवाज तेवढा ऐकू येतो. पूर्वी या शांततेचे मला नुसते कौतुक होते. आता कुलूप लावलेली घरे मोजत जातो.

पाडव्याच्या मागेपुढे ट्रॅक्टर परतू लागतात. गेल्या वर्षी असाच एक रस्त्याकडेच्या हापशीपाशी थांबला होता. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई कळशी भरत होती. मीही बाटली भरायला उतरलो. ‘‘गुर्जी, कुठं निघालाव?’’

‘‘जळकोटपर्यंत.’’

‘‘काम हाय?’’

‘‘नाही, सहजच.’’

तिने सायकलीकडे पाहिले, बारीक टायरकडे पाहिले आणि कळशी कडेवर घेत म्हणाली, ‘‘पुढं खिंडीत खडी टाकलीय. तिथं बसून जाऊ नका, उतरून हातात धरून न्या.’’