दमेकरी सुपरमॅन

लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबते आहे. ‘मालेगाव का सुपरमॅन’मधला शफीक शेख उडायला निघतो तेव्हा माझी नजर तिथंच अडकते. काटकुळा पोरगा, यंत्रमागावर काम करणारा. या सुपरमॅनला दमा आहे. खलनायकाला घाण प्रिय. गावानं तंबाखू खाऊन थुंकत राहावं हा त्याचा बेत. धाप लागणाऱ्या माणसानं पिचकाऱ्यांशी लढायचं!

हा सिनेमा कसा घडला त्यावरचा फैजा अहमद खान यांचा माहितीपट 2008चा. त्याच वर्षी विल स्मिथचा ‘हँकॉक’ आला: दारू पिऊन बाकावर लोळणारा, लोकांना वाचवताना रस्ते उखडणारा. तोही मला आवडतो. पण त्याचं व्यसन पटकथेत लिहिलेलं, आणि शफीकच्या सुपरमॅनचा दमा गावच्या हवेतला. शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगानं गेला, ऐन तारुण्यात. आता त्याची प्रत्येक उडी मला जास्त मोलाची वाटते.

मालेगाव मी पाहिलं नव्हतं तेव्हापासून ऐकलेलं. लहानपणी धुळ्याला जाणारी रात्रीची एसटी तिथं थांबायची. इंजिन बंद झालं की काळोखातून खटखट यायची, एका घरातून नव्हे, सगळीकडून. एक माग जरा मागे पडायचा, दुसरा त्याला गाठायचा. मला वाटायचं, गाव जागं राहून काहीतरी मोजतंय. आई म्हणायची, “माग आहेत रे, झोप.” मी मात्र तो आवाज तुटेपर्यंत कान लावून बसायचो. घरी आत्याचं पातळ हाती लागलं की उभा धागा, आडवा धागा बघत राहायचो. आडवा धागा नेणारा धोटा रात्रभर इकडून तिकडे पळत असेल, आणि त्याच्याकडे डोळे लावून कोणीतरी उभं असेल, एवढंच कळायचं.

शुक्रवारी हे माग बंद असतात. कान मोकळे होतात आणि लोक सिनेमाला जातात. त्याच गर्दीसाठी, हा सुपरमॅन उडवणाऱ्या दिग्दर्शक नासिर शेखनं आधी ‘मालेगाव के शोले’ केला. नासिरचं व्हिडिओ पार्लर होतं. सिनेमा शिकायची त्याहून चांगली शाळा मला माहीत नाही. तिथं खुर्चीतला माणूस कुठे हसतो आणि कुठे उठून बाहेर जातो, हे रोज समोर दिसतं.