हवा भरा, हवा सोडा

‘‘लाइफ जॅकेटला चाळीस हजार? मांडव्याच्या बोटीत फुकट घालायला देतात की!’’

हा आईचा पहिला बॉल. लगेच बाउन्सर आला, ‘‘एवढ्यात छानसं कानातलं आलं असतं.’’ मी म्हटलं, आई, हे लाइफ जॅकेट नाही गं, बीसीडी आहे. बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस. यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना, त्याच नजरेने ती ‘‘चेक पुढच्या महिन्यात येईल’’ हे माझं वाक्य ऐकते.

पण खरं सांगू? सहा महिन्यांपूर्वी मलाही यातला फरक धड माहीत नव्हता. लाइफ जॅकेटचं काम एकच, माणसाला वर ठेवणं. बीसीडी तुम्हाला वर ठेवतं, खाली जाऊ देतं आणि मुख्य म्हणजे मधे कुठेही थांबवतं. मात्र बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहील, याची हमी ते देत नाही. त्याच्या पाठीला सिलिंडर बांधायचा, डाव्या खांद्यावरून एक पाइप छातीवर येतो, त्याच्या टोकाला दोन बटणं. एकाने सिलिंडरमधली हवा जॅकेटमध्ये भरते, दुसऱ्याने बाहेर जाते. संपलं. इतकं सोपं, की त्यात गोंधळ घालायला खास टॅलेंट लागतं. ते माझ्याकडे आहे.

तर झालं असं. अंदमानात, हॅवलॉकला (2018पासून त्याचं अधिकृत नाव स्वराज द्वीप) मी ओपन वॉटरचा कोर्स केला. 18 मीटरपर्यंत जायचा परवाना, फेसबुकवर फोटो, सगळं साग्रसंगीत. कोर्सनंतरच्या दुसऱ्या फन डाइव्हला स्मॉल साइजची जॅकेट्स संपली होती. ‘‘लार्ज चालेल ना?’’ कुणीतरी विचारलं. मी आपली ‘‘हो हो, चालेल’’. शॉर्ट्स एक नंबर मोठी घातल्यासारखंच वाटलं मला ते. त्यात कंबरेला 8 किलो शिसं. नवीन माणूस घाबरून वर वर येतो, म्हणून त्याला जरा जास्तच वजन देतात. जास्त वजन म्हणजे तरंगायला जॅकेटमध्ये जास्त हवा. आणि हवा हा प्रकार समुद्रात फार लबाड. 10 मीटरवर भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा व्यापते. तुम्ही थोडे वर आलात की ती फुगते, ती फुगली की तुम्ही आणखी वर जाता.

आठेक मीटरवर होतो. समोर पोपटमाशांचा एक अख्खा घोळका प्रवाळ कुरतडत होता, त्याचा कर्रकर्र आवाज पाण्यात चक्क ऐकू येतो. मी बघत बसले आणि लक्षात आलं की मासे खाली चाललेत. मासे नव्हे, मीच वर चालले होते! हात छातीवरच्या पाइपकडे गेला. पाइप नाही. ते ढगळ जॅकेट वर सरकून कानाशी आलं होतं आणि पाइप मानेमागे तरंगत होता. चाचपडून पकडला, बटण दाबलं, जोरात दाबून धरलं. फुस्सऽऽ. आवाज बरोबर होता, बटण चुकीचं होतं. मी हवा भरत होते.

पुढचे दहाएक सेकंद मला आजही अंथरुणात पडल्यावर आठवतात. कोर्समध्ये घोकून घेतलेलं एकच वाक्य डोक्यात राहिलं, श्वास कोंडायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवाही फुगते, आणि ती बाहेर पडली नाही तर फुप्फुसालाच इजा होते. मी ‘‘आऽऽ’’ करत, बुडबुडे सोडत, एखाद्या बुचासारखी टुणकन वर आले. काही झालं नाही. पण त्या दिवशी मला पुन्हा पाण्यात उतरू दिलं नाही. बोटीवर बसवून पाणी पाजत होते आणि दर थोड्या वेळाने विचारत होते, सांधे दुखतायत का, मुंग्या येतायत का, छातीत काही होतंय का.

इन्स्ट्रक्टर आपला मालवणचाच होता. ओरडेल असं वाटलं होतं. त्याने शांतपणे माझं जॅकेट उचललं, बघितलं आणि म्हणाला, ‘‘गो बाय, ह्यां जाकेट तुका वर न्हेवक नाय, पाण्यात थांबवूक आसा. आधी मापाचा घाल.’’

घरी आल्यावर दोनच पर्याय होते. डाइव्हिंगला रामराम, नाहीतर स्वतःचं जॅकेट. पहिल्यावर मी महिनाभर गंभीरपणे विचार केला, खोटं कशाला बोलू. कुणी ‘‘परत कधी?’’ विचारलं की मी विषय बदलायची. मग एके दिवशी एक अडकलेला चेक आला आणि मी मुंबईतल्या एका दुकानात जाऊन उभी राहिले.

दुकानातला मुलगा उत्साही होता. ‘‘मॅडम, हे बघा, टॉप मॉडेल. वीस किलोची लिफ्ट, आठ डी-रिंग, चार खिसे.’’ वीस किलो ऐकून मीही इम्प्रेस. गाडी घेताना सीसी ऐकून होतो तसं. पण घरी कागद-पेन घेऊन बसले तेव्हा वेगळंच निघालं. आपल्याकडच्या कोमट पाण्यात अंगावर 3 मिलिमीटरचा पातळ वेटसूट. खोलवर तो चेपला की त्याची थोडी तरंगण्याची ताकद जाते. नेहमीच्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडरमधून डाइव्हभरात संपणाऱ्या हवेचं वजन दोन-सव्वादोन किलो, म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीला तेवढे आपण जड. जॅकेटला सांभाळायचं ते एवढंच. वर बोटीची वाट बघत तरंगायला थोडं राखीव धरलं, तरी दहा-बारा किलोत माझ्यासारखीचं आरामात भागतं. उरलेल्या लिफ्टचा उपयोग काय, तर मोठ्या पिशवीत थोडीशी हवा, ती इकडून तिकडे डुचमळणार, आणि तिच्यामागे मी. वीस किलोची लिफ्ट बर्फाळ पाण्यात जाड सूट घालून जाणाऱ्यांना लखलाभ.

गंमत म्हणजे जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943मध्ये अॅक्वालंग तयार केलं तेव्हा असलं काही जॅकेटच नव्हतं. ती मंडळी मोजून वजन लावायची आणि श्वासावर वर-खाली व्हायची. हे वाचल्यावर मला जरा लाज वाटली आणि जरा धीरही आला.

मग मी एक शहाणपणा केला. विकत घेण्याआधी एका पूलमध्ये तीन प्रकारची जॅकेट्स भाड्याने घालून बघितली. पहिलं, नेहमीचं जॅकेट. हवा भरली की चहूबाजूंनी मिठी मारतं, पाण्यावर तरंगताना मस्त सरळ ठेवतं. पण पूर्ण फुगवल्यावर माझ्या बरगड्या आवळल्या गेल्या, दीर्घ श्वासच घेता येईना. दुसरं, स्टीलची पाटी आणि मागे पंखासारखी पिशवी. अट्टल डाइव्हर्स याच्यावर जीव टाकतात, आणि का ते कळतं. पाटीच अडीच किलोच्या आसपास, म्हणजे कंबरेचं शिसं तेवढं कमी. पट्टे कापून, ओढून कुणालाही बसवता येतात. पण विमानात 15 किलोची बॅग, त्यात पाटी? शिवाय पट्ट्यांशी झटापट करून मी इतकी घामेजले की पाण्यात उतरायच्या आधीच भिजले.

तिसरं, बायकांच्या मापाचं, हवा फक्त पाठीमागे भरणारं. कडेला जांभळी पायपिंग. ‘‘लेडीज मॉडेल’’ म्हटलं की गुलाबी रंग फासून किंमत वाढवतात, असं माझं ठाम मत (मत अजून तेच आहे), त्यामुळे मी ते शेवटी, नाक मुरडतच घातलं. आणि बसलं हो! खांद्याचे बकल फिरणारे, पट्टे छातीला टाळून बाजूने जाणारे, धड आखूड. पूलच्या ट्रेनरने दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायचा प्रयत्न केला. जॅकेट कानाकडे सरकलं नाही, मीच टाचांवर उचलले गेले. पृष्ठभागावर जास्त हवा भरली तर हे प्रकरण तोंडावर ढकलतं, हा त्याचा दोष. थोडी हवा सोडून मागे रेललं की जमतं.

पण माझी खरी परीक्षा वेगळी होती. मी पूलच्या तळाशी गुडघ्यांवर बसले, डोळे घट्ट मिटले आणि पाइप शोधला. हात वर, अंगठा हवा सोडायच्या बटणावर. पाइप डोक्याच्याही वर धरायचा, कारण हवा सगळ्यात उंच जागेतूनच बाहेर जाते. खाली धरून नुसतं बटण दाबलं तर काही होत नाही. मग उजव्या खांद्याची दोरी. मग पाठीमागे कमरेजवळची, उलटं व्हायला झालं तर लागणारी. दहा वेळा केलं. तिसऱ्या जॅकेटमध्ये दहाही वेळा हात बरोबर पडला. बाकी दोघांत एकदा-दोनदा हवेतच फिरला. त्यावरच निर्णय झाला. खिसे एकच होता, डी-रिंग मोजल्या नाहीत.

पुढच्या सीझनला, नोव्हेंबरात, मालवणला गेले. पाणी गढूळ, चार-पाच मीटरच्या पलीकडे नुसतं हिरवं. उतरण्याआधी वजन तपासलं. जॅकेट रिकामं, श्वास नेहमीचा, पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं तेव्हा कंबरेला 4 किलो होते, आणि भरलेल्या सिलिंडरसाठी वर आणखी 2. म्हणजे अंदमानात मी 2 किलो शिसं उगाच फिरवत होते. सात मीटरवर एका खडकासमोर थांबले. अर्धं सेकंद बटण दाबलं, भरायचं, मुद्दाम. श्वास घेतला की हातभर वर, सोडला की हातभर खाली. खडकाच्या कपारीतून एक ईल तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. आम्ही दोघंही हललो नाही. मग थोडं वर चढायला लागल्यासारखं वाटलं. पोटात तोच जुना गोळा आला. पाइप छातीवर होता.

घरी आल्यावर जॅकेटच्या आत गोडं पाणी घालून खळबळवलं, पाइपातून काढलं, कारण मीठ आत सुकलं की बटणं अडकतात. मग अर्धवट फुगवून बाथरूममध्ये हँगरला टांगलं. रात्री दोन वाजता बाबांचा आवाज आला, ‘‘कोण आहे आत?’’ पाठोपाठ आईचा, ‘‘काही नाही हो, चाळीस हजार वाळतायत.’’