पोलादी खोल्यांतला वायफाय

नौदलात मी इलेक्ट्रिकल शाखेचा. जामनगरच्या आयएनएस वलसुरात शिक्षण झालं आणि पहिली नेमणूक मिळाली ती वाफेवर चालणाऱ्या एका फ्रिगेटवर. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ साली नौदलात दाखल झाली, त्याच घराण्यातलं हे जहाज. ऑटोमेशन म्हणावं असं त्यावर फार थोडं होतं. बॉयलर रूममध्ये माणसं उभी, इंजिन रूममध्ये माणसं उभी आणि वॉचभर ठरल्या वेळी राउंड. वही-पेन्सिल घेऊन यंत्रापाशी जायचं, गेजवरचा आकडा वाचायचा, मांडायचा. वही तपासताना आमचे चीफ आकड्यांआधी विचारायचे, “आवाज कसा होता?” बेअरिंगचा बदललेला सूर, गरम झालेल्या इन्सुलेशनचा वास, स्विचबोर्डच्या दाराला हात लावल्यावर लागणारी ऊब, हे कोणत्याच रकान्यात बसत नसे, पण बिघाडाची पहिली कुणकुण तिथेच लागायची.

पुढे गॅस टर्बाईनच्या जहाजांवर गेलो आणि सगळा थाटच बदलला. इंजिनं, जनरेटर, पंप, वाल्व, आगीचे नि पाण्याचे सेन्सर एका कंट्रोल रूममध्ये, पडद्यावर. कुठल्याशा बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या तळाशी, पाणी साचलं की फ्लोट स्विच उचलला जातो आणि पडद्यावर लाल खूण येते. थंडगार खोलीत बसून दोघं-तिघं जण पूर्वी कितीतरी माणसं लागायची ते काम सांभाळतात.

या सुखाची किंमत केबलमध्ये मोजावी लागते. २०२२ साली दाखल झालेल्या ‘विक्रांत’वर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास केबल आहे. त्यात विजेची केबल जशी आली, तशी आकडे वाहून नेणारीही आली. नेटवर्कची मुख्य केबल दोन वाटांनी नेतात, एक डाव्या बाजूने, एक उजव्या. एका माऱ्यात दोन्ही तुटू नयेत म्हणून. आणि प्रत्येक केबल बल्कहेडमधून जाते, म्हणजे पाणी आणि आग अडवणाऱ्या भिंतीला तिथे भोक पडतं. ते बंद करायला चौकटीत रबराचे ठोकळे ठासून बसवतात. रिफिटमध्ये, म्हणजे जहाजाच्या मोठ्या दुरुस्तीत, मी या चौकटींच्या चाचण्या पाहिल्या आहेत. कंपार्टमेंट बंद करून आत हवेचा दाब द्यायचा आणि बाहेरून ब्रशने साबणाचं पाणी लावायचं. एखादा ठोकळा तिरपा बसला असेल तर बुडबुडे येतात. मग सगळं सोडवून पुन्हा भरा. आत हात जेमतेम पोहोचतो, वर छताच्या पाइपांवरून घामासारखं पाणी ठिबकत असतं. अशा वेळी कोणालाही वाटेल की हे सेन्सर बिनतारी झाले तर किती बरं!

तशी एक छोटी चाचणी बंदरात उभ्या असलेल्या एका साहाय्यक जहाजावर झाली. तापमान आणि कंपन मोजणारे डबीएवढे सेन्सर, बॅटरीवर चालणारे. माझ्याकडे सिग्नल मोजायचं काम होतं. पोलादातून रेडिओलहरी जात नाहीत, एवढं पुस्तकातून माहीत होतंच. वॉटरटाइट दरवाजा उघडा असताना पलीकडच्या कंपार्टमेंटमध्ये सिग्नल भक्कम होता. दरवाजा लावून सगळ्या क्लिपा आवळल्यावर तो धाडकन पडला, पण पार गेला नाही. दाराच्या कडेचं रबर पाणी अडवतं, लहरींना मात्र ती फटच. शिवाय आतल्या आत लहरी भिंतींवर आपटून एकमेकींत मिसळतात, त्यामुळे मीटर वीतभर सरकवला तरी आकडा वरखाली व्हायचा. सेन्सर जिथे लावला तिथे चालला नाही, पंपाच्या पलीकडच्या अंगाला चालला. आणि बॅटरी? ती बदलायला कोणीतरी फ्लोअर प्लेट उचलून खाली उतरायचंच.

युद्धनौकेवर यापुढचेही प्रश्न असतात. जहाज रेडिओमौन पाळत असेल तर आतून बाहेर झिरपणारी लहर शत्रूला चाहूल देऊ शकते. दारूगोळ्याजवळ ट्रान्समीटर नेण्याचे नियम कडक असतात, कारण काही डिटोनेटर विजेने पेटतात आणि तीव्र लहरींमुळे तारेत प्रवाह निर्माण होऊ शकतो. शिवाय माणसाचा मोह. अमेरिकेच्या ‘मँचेस्टर’ या युद्धनौकेवर २०२३ मध्ये काही वरिष्ठ खलाशांनी स्टारलिंकची डिश गुपचूप बसवून स्वतःपुरता वायफाय चालवला, पुढे कोर्ट मार्शल झालं. आपल्याकडे २०१९ च्या अखेरीस हेरगिरीचं प्रकरण उघडकीस आल्यावर जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोनला बंदी आली. महिनोन्‌महिने घरापासून लांब असलेल्या पोरांना ती जड गेली, पण कारण सगळ्यांना कळत होतं.

तारेचं नेटवर्कसुद्धा गाफील राहण्यासारखं नसतं. अमेरिकेच्या ‘यॉर्कटाउन’ या क्रूझरवर सप्टेंबर १९९७ मध्ये कोणीतरी एका रकान्यात शून्य भरलं. संगणकाने त्या शून्याने भागायचा प्रयत्न केला, नेटवर्क कोलमडलं आणि जहाजाची इंजिनं हातची गेली. दोन तासांहून जास्त वेळ जहाज पाण्यावर नुसतं तरंगत होतं. आमच्याकडे सरावात कंट्रोल रूमचा ताबा मुद्दाम काढून घेत, तेव्हा नवी पोरं कुरकुरत. पडदे बंद, आता स्टीअरिंग गिअर रूममध्ये जाऊन सुकाणू हाताने वळवा, पंप जागेवरून चालू करा, निरोप साउंड पॉवर्ड टेलिफोनवर द्या. या फोनला बॅटरी लागत नाही, बोलणाऱ्याच्या आवाजावरच तो चालतो. मी त्यांना ‘यॉर्कटाउन’ची गोष्ट सांगायचो. कुरकुर कमी व्हायची.

बंदरातल्या त्या चाचणीनंतर मत विचारलं गेलं, तेव्हा मी सरळ लिहून दिलं. रेशनच्या शीतखोल्या, भांडारं, एअर कंडिशनिंगचे ब्लोअर यांवर बिनतारी सेन्सर खुशाल लावावेत. केबल वाचते, बल्कहेडला भोकं कमी पडतात. सुकाणू, मुख्य इंजिनं आणि आग विझवायची यंत्रणा तारेवरच ठेवावी, आणि ती तारही तुटेल असं धरून हाताने चालवायची सोय तयार असावी. जहाजाच्या इंजिनिअर अधिकाऱ्यांनी सेन्सर ठेवले, राउंडही ठेवले. फक्त राउंडच्या वहीत एक रकाना वाढवला: ‘आवाज, वास, इतर’. पोरं सुरुवातीला त्यात ‘ठीक’ एवढंच लिहायची. मग एकाने लिहिलं, “दोन नंबरच्या ब्लोअरचा आवाज कालपेक्षा जाड.” सेन्सरच्या हिशेबाने ब्लोअर ठणठणीत होता. उघडून पाहिला, तर पंख्याच्या पात्याला चीर गेली होती.